वीब्रेनच्या जिन्याखालचं कपाट

फ्राउक्ये तेरप्स्त्राने भावाच्या जिन्याखालचं कपाट उघडलं आणि दोन पावलं मागे सरून नाकाला रुमाल लावला. मांजराचं मूत, जळकं प्लास्टिक आणि कोंब फुटलेले बटाटे, तिन्हींचा मिळून एक कोमट वास तिच्या तोंडावर आला.

"मांजर इथे निजतं?"

"ऊब असते ना," वीब्रेन म्हणाला. "सत्तावीस आहेत. ऊब येणारच."

सत्तावीस म्हणजे संगणक. पत्त्यांच्या कॅटाएवढे, उघडेबोडके. काही फळीला चिकटपट्टीने डकवलेले, काही हेरिंग माशांच्या रिकाम्या डब्यात कोंबलेले, दोन तर नुसते वायरींना लोंबकळत होते. वायरींचा गुंता गुडघाभर. त्यावर मांजराच्या केसांचा राखाडी थर, आणि थरात एक वाळून चपटा झालेला उंदीर.

फ्राउक्येची एकतीस वर्षं लेउवार्डेन शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. हजारो तारांच्या जुड्या तिने मेणदोऱ्याने बांधल्या, दर गाठीत दोन बोटांचं अंतर, आणि तिने बांधलेली जुडी कुणाला कधी सोडावी लागली नव्हती. आता ती चौसष्ट वर्षांची होती, निवृत्त होती, आणि धाकट्या भावाच्या घरी हार्लिंगेनला पाऊल टाकायचं तिने कटाक्षाने टाळलं होतं. पण मंगळवारी वीब्रेनच्या शेजारणीला भिंतीपलीकडून जळका वास आला आणि तिने थेट फ्राउक्येलाच फोन केला. शाळेत पोरांना पदार्थविज्ञान शिकवणारा हा माणूस, आणि एका विजेच्या पट्टीत दुसरी, दुसरीत तिसरी खुपसून बसला होता. तिसरी वितळून फळीला चिकटली होती.

"घर पेटलं असतं, गाढवा."

"पेटलं तर नाही ना."

तिने रबरी हातमोजे चढवले.

पहिला दिवस नुसता उपसण्यात गेला. कुठल्या संगणकावर नाव नाही, कुठल्या वायरीवर खूण नाही. पण नावं होती, वीब्रेनच्या डोक्यात. पहिल्या अकरांना फ्रीसलांड प्रांतातल्या अकरा शहरांची, मग शहरं संपली म्हणून खेड्यांची. फ्राउक्ये एकेक वायर उपटायची आणि वीब्रेन स्वयंपाकघरातून लॅपटॉपकडे बघत ओरडायचा.

"स्लोटेन गेलं!"

"काय करायचं स्लोटेन?"

"बाकीचे चालू आहेत का, ते बघायचं."

"आणि डोक्कुम?"

"ते स्लोटेनवर लक्ष ठेवतं."

"म्हणजे हे सगळे मिळून एकमेकांकडे बघत बसतात! आणि वीज कोण खातं? शी!" तिने चिकटपट्टीचा काळा, केसाळ लगदा बोटाने खरवडला. तो हातमोज्याला चिकटला, मग दुसऱ्या हातमोज्याला, मग कुठूनच सुटेना.

ती मुक्कामाला राहिली नाही. त्याच्या घरातल्या अंथरुणावर पाठ टेकायच्या कल्पनेनेच तिला शिसारी आली. संध्याकाळच्या गाडीने घरी जाऊन सकाळी पुन्हा आली.

दुसऱ्या दिवशी तिने नवी पोलादी मांडणी उभी केली आणि एकेक संगणक ब्रशने झाडून, पुसून, नावाची पट्टी लावून आत सरकवायला घेतला. सगळ्यात शेवटी, मागच्या कोपऱ्यात एक सापडला. त्याला मोठी डिस्क जोडलेली होती, आणि तेवढाच एक स्वच्छ होता, अजून चालूही.

"तो राहू दे," वीब्रेन घाईने म्हणाला. "वर्कुम आहे तो."

"काय आहे त्यात?"

"जुने फोटो. तू हात लावू नकोस, मी बसवतो." मग तो पाव आणायला निघून गेला.

वर्कुम. आई तिथे राहायची. एप्रिलमध्ये ती गेली, तेव्हा घर रिकामं करायला फ्राउक्ये एकटीच होती. वीब्रेनने फक्त स्वयंपाकघरातलं घड्याळ मागून नेलं होतं.

लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. तिने हातमोजे काढले आणि वर्कुमच्या नावावर बोट टेकवलं. तारखाच तारखा. चार वर्षांच्या. तिने मधलीच एक उघडली.

आईचं स्वयंपाकघर, वरून, घड्याळाच्या जागेवरून. आई घमेल्यात पाय सोडून बसली होती, झगा मांड्यांपर्यंत वर घेतलेला, दात काढून बशीत ठेवलेले. टाचेची मेलेली कातडी ती चाकूने खरवडत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. कुणी बघत असेल हे स्वप्नातही नसलेल्या बाईचा तो चेहरा. ही बाई दाराची घंटा वाजली तरी आधी केस सारखे करायची.

फ्राउक्येने ते बंद केलं. आणि मग, का ते तिलाही सांगता आलं नसतं, तिने दोन वर्षांपूर्वीचा मे महिना उघडला. त्यात ती स्वतः होती. कॉफीच्या कपावर वाकून आईला सांगत होती, "वीब्रेनच्या घरात बसवत नाही गं मला. वास येतो. त्याच्या अंगालाही येतो."

तिला आठवलं, त्याच महिन्यात तिच्या वाढदिवसाला वीब्रेन दारातूनच फुलं देऊन परत फिरला होता. "आत येत नाही, तुझ्या सोफ्याला वास लागेल," म्हणाला होता. तेव्हा सगळे हसले होते, ती पण.

तो पाव घेऊन आला तेव्हा ती पडद्यासमोरच बसलेली होती.

"आई पडली तर कळावं म्हणून घड्याळात कॅमेरा लावला होता," तो म्हणाला. पावाची पिशवी त्याने खाली ठेवलीच नाही. "आणि पडली होती ना ती! शेजारच्याला दहा मिनिटांत कुणी पाठवलं? मी पाठवलं."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"ती नको म्हणाली असती."

"हो ना. मग?"

तो पिशवीची कड चुरगळू लागला.

"आणि आता? एप्रिलपासून कोण पडायचं राहिलंय?"

"आवाज आहे गं तिचा. रविवारी ऐकतो मी कधीकधी."

"पाय खरवडतानाचा?"

"ते नाही बघत मी!"

"बघत नसशील. ठेवलंयस मात्र." ती उठली. "किळस येते रे मला तुझी. मांजराच्या मुताची नव्हती आली एवढी."

तो खुर्चीत बसला आणि रडायला लागला, नाक पिशवीच्या कागदाला पुसत. त्या रडण्याचीही तिला किळस आली.

पण काम अर्धं टाकून जाणं तिच्या रक्तात नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने येताना ड्रिल आणलं. "सव्वीस बांधून देते," ती दारातूनच म्हणाली. "वर्कुमला यात जागा नाही. डिस्क दे."

त्याने निमूटपणे आणून दिली. एकच मिनिट ठेवूया, आई गाणं गुणगुणते ते, असं तो एकदा म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली. अंगणात, वाळूच्या पोत्यावर डिस्क धरून तिने चार भोकं पाडली. धातूचा चुरा तिच्या बुटांवर पडला. वीब्रेन पाठ करून उभा होता.

एक गोष्ट तिने त्याला सांगितली नाही. त्या मे महिन्यातलं ती शेवटपर्यंत बघत बसली होती, स्वतः दाराबाहेर गेल्यानंतरचंही. आपल्या पाठीमागे आई काय म्हणते ते ऐकायचं होतं तिला. आई काही म्हणाली नव्हती. तिने फक्त फ्राउक्येच्या बोलण्याची नक्कल केली होती, ओठ मुरडून, मान वाकडी करून, अगदी हुबेहूब, आणि मग एकटीच खुदकन हसली होती. ते आठवलं की फ्राउक्येच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. चोरून बघणाऱ्यांत आता तीही होती.

दुपारपर्यंत कपाट तयार झालं. सव्वीस संगणक ओळीत, प्रत्येकाच्या कपाळावर काळ्या अक्षरांत नाव, वायरी मेणदोऱ्याने बांधलेल्या, कोपऱ्यांवर एकसारख्या वळलेल्या. दाराला जाळी, मांजर आत जाऊ नये म्हणून. वीब्रेनने जाळीला बोट लावून बघितलं.

"काय सुंदर झालंय गं."

तिने भांड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. पावाला हात न लावताच ती निघाली.

नाताळात दोघं मावशीकडे भेटली, बर्फाबद्दल बोलली. मार्चमध्ये त्याने कळवलं, चार नवीन घेतलेत, बांधायला येशील का?

तिने उलट लिहिलं, "तूच बांध."