स्टिअरिंगवरचा गणपती

यंत्रासमोर माणसाने विनम्र असावे, असे घणसोली गावातला आमचा शेजारी मिस्त्री नव्वदच्या दशकात ज्याला त्याला सांगत असे. सांगताना त्याचा पाय कुणाच्या तरी बंपरवर असे. एकदा ट्रकचा स्टिअरिंग शाफ्ट बदलताना तो जुन्या जागेची खूण करायला विसरला. साताऱ्याचा ड्रायव्हर चक्कर मारून आला तो रडकुंडीला.

“मिस्त्री, गाडी सरळ चाललीय, पर स्टिअरिंगचं चाक वाकडं. हॉर्नवरचा गणपती डावीकडं कललाय. मालक म्हनंल, म्याच कुटंतरी ठोकली. कामावरनं काढंल.”

“गारी सरल जाते ना? मंग टेन्शन कशाला?”

चाक उपसून नीट बसवायचे सोडून मिस्त्रीने ब्लेडने गणपतीचा स्टिकर सोडवला, सरळ चिकटवला आणि हात जोडले. संध्याकाळी मालक आला. त्याने गणपती पाहिला, हात जोडले आणि ड्रायव्हरला द्रोणागिरीच्या गोदामातला माल भरायला पाठवले. चाक वाकडेच होते.