पळीची मूठ

पक्षाघातातून उठलो तेव्हा वाणी परत आली, पायही परत आले. डाव्या हाताची पकड मात्र आली नाही. संध्येस डाव्या हाताने पळी धरून उजव्या तळहातावर पाणी घ्यावयाचे, एवढेही जमेना. पत्नी पळी धरी. तिने कधी कंटाळा दाखविला नाही. परंतु नांदेडच्या पाठशाळेत जन्मभर संध्या शिकविलेल्या मला स्वतःचे आचमन दुसऱ्याच्या हातून घेणे जड जाई.

माझी पुतणी लातूरला अभियांत्रिकी शिकविते. कणकेच्या गोळ्यावर माझ्या मुठीचा ठसा घेऊन ती गेली आणि आठवड्याने एक पांढरी मूठ घेऊन आली. पळीचा दांडा तीत घट्ट बसे आणि माझी सैल बोटे तिच्या खाचांत अडकून राहत. तिच्या त्रिमितीय छपाईच्या यंत्रात प्लास्टिकची तार वितळून थरावर थर बसत जातो. साचा लागत नाही, म्हणून एकाच माणसाच्या एकाच हातापुरती वस्तूही करता येते. देवापुढे प्लास्टिक कसे चालेल, ही माझ्या चेहऱ्यावरची शंका तिने ओळखली.

"काका, हे मक्यापासून केलेलं आहे."

मला हायसे वाटले.

एकादशीच्या आदल्या दिवशी आम्ही पूजेची भांडी चिंचेने घासून गच्चीवर वाळत घालतो. मूठही मीच तेथे ठेवली, वर तांब्याचे ताम्हन. चैत्राचे ऊन होते. सायंकाळी मूठ काकडीसारखी वाकलेली होती.

"तुझ्या काकांनी सूर्याला अर्घ्याऐवजी मूठच वाहिली," पत्नीने फोनवर कळविले.

दुसरी मूठ पुतणीने घाईत उभी छापली. ती आचमन चालू असतानाच थराच्या रेघेवर मोडली.

"थर जिथं एकमेकांना चिकटतात तिथंच ती कच्ची राहते," ती म्हणाली. "आता आडवी छापते. पण मक्याचं उन्हाला टिकत नाही, काका. टिकतं ते खनिज तेलापासूनचं."

"धातूची होत नाही?"

"होते. भुकटी लेसरनं वितळवतात. पण ते यंत्र माझ्याकडं नाही, अन् तुमच्या हाताला ती जड होईल."

मी दोन दिवस मागून घेतले. देवापुढे खनिज तेलाची वस्तू धरावी, की आयुष्यभर पत्नीच्या हातून पाणी घ्यावे? दुसऱ्या दिवशी जेवताना तिने भाकरी कुस्करून माझ्या ताटात वाढली आणि सहज म्हणाली, "कवळी घालून मंत्र म्हणता, ते चालतं. ती काय मक्याची हाय व्हय?"

मला हसू आवरेना. पुतणीला होकार कळविला.

ही तिसरी मूठ करड्या रंगाची आहे. बोटांना तिच्या बारीक रेघा जाणवतात. पाणी थोडे मनगटावरून ओघळते, उरलेले तळहातावर पडते. पत्नी शेजारी हात मांडीवर ठेवून बसते. मी पळी कलती केली की तिची बोटे अजूनही किंचित वाकतात.