न टोचलेली मेंढी

माझे दीर गहिनीनाथ आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहेत. एक त्यांचं पोहणं, दुसरं त्यांचं तोंड. चाळीस मेंढ्या सांभाळतात. पावसाळा जवळ आला की सगळ्यांना आंत्रविषाराची लस टोचून घेतात आणि टोचलेल्या प्रत्येकीच्या पाठीवर लाल रंगाचं बोट ओढतात, म्हणजे एकही सुटत नाही. एवढा काटेकोर माणूस स्वतः मात्र सुईला भितो. त्यांनी ते कधी कबूल केलं नाही, पण मी काय आंधळी नाही.

मी गावची आशा सेविका. मागच्या पुरात गावाची दैना झाली, म्हणून यंदा अकरा जणांचं बचाव पथक केलं, भाऊजी त्यात पहिले. मे महिन्यात आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी निरोप धाडला, पथकातल्या सगळ्यांना धनुर्वाताचा डोस द्या. पुराच्या पाण्यात पत्रे, तारा, खिळे, काय लागेल सांगता येत नाही. यादी माझ्याकडे. सिस्टर ग्रामपंचायतीत सुया मांडून बसल्या.

आता आमच्याकडं टीटीचं, म्हणजे धनुर्वाताचं, इंजेक्शन म्हटलं की डोळ्यांपुढं गरोदर बाईच येते. पुरुषांनी ते कधी घेतलेलंच नसतं. भाऊजी दारातूनच ओरडले, "टीटी? मला काय दिवस गेलेत का बे?" पथक हसून हसून वाकडं झालं. तरी सात जणांनी बाही वर केली. रामेश्वर आणि आणखी दोघं मात्र भाऊजींच्या मागोमाग सटकले.

चार रकाने कोरे राहिले. यादी त्याच दिवशी पाठवायची होती. उद्या एकेकाला धरून आणते, असं स्वतःला बजावलं आणि चारही नावांपुढं बरोबरची खूण केली. तो उद्या काही आला नाही.

सप्टेंबरात ओढा फुगला. रामेश्वरची गाय गोठ्यात अडकली होती, तिला सोडवायला भाऊजी छातीभर पाण्यात शिरले. गाय निघाली, पण गंजक्या पत्र्यानं भाऊजींची पोटरी फाडली. मी तेव्हा पलीकडच्या वस्तीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परतले, तर भाऊजी पाय पसरून ओट्यावर बसलेले, खुशीत.

"वहिनी, तुमची यादी लई कामाची हाय. डाक्टरांनी पाय धुतला, टाके घातले, यादी बघितली अन् म्हनले, डोस झालाय, सुईची गरज न्हाई. मी बी गप बसलो."

प्रशिक्षणात शिकवलेलं आठवलं. शेणामातीची खोल जखम, आधी लस नाही, मग जबडा घट्ट होतो, पाठ धनुष्यासारखी वाकते.

"भाऊजी, तोंड उघडा."

"कावून?"

"उघडा म्हणते ना!"

त्यांनी उघडलं. मी मात्र चुलीपाशी जाऊन उगाच भांडी हलवत राहिले. खरं सांगितलं तर माझं काम जाणार, गावात नाक कापलं जाणार. न सांगितलं तर काय होईल, हे मनातसुद्धा आणवेना. पाच मिनिटं मी तिथं उभी राहिले. त्या पाच मिनिटांची मला आजही लाज वाटते.

मग सगळं सांगून टाकलं. भाऊजींना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि थेट केंद्रात नेलं.

डॉक्टरांपुढं मी मान खाली घालून कबूल केलं. त्यांनी यादी पुढं ओढली. "कालच द्यायला हवं होतं. पण अजूनही उपयोग होईल." एका दंडात लस, दुसऱ्यात लगेच संरक्षण देणारं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर मला म्हणाले, "एकवीस दिवस जबड्याकडं लक्ष ठेवा. घास चावताना त्रास झाला की लगेच आणा. आणि बाकीच्या दहा खुणांचं काय?"

"तीन खोट्या आहेत," मी म्हणाले.

परतताना भाऊजींनी ओढ्याजवळ गाडी थांबवायला लावली. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. "वहिनी, मी तोंडाचा वाईट हाय. त्या दिशी हसलो, काल गप बसलो, माझी बी चूक हाय. पन न टोचलेल्या मेंढीला मी कदी रंग लावला न्हाई."

मला हुंदका आवरला नाही. त्यांनी मला रडू दिलं.

त्याच दुपारी लंगडत लंगडत ते तिघांच्या दारात उभे राहिले. "चल बे, आपल्याला दिवस गेलेत!" तिघंही मुकाट निघाले. पाऊस सुरू व्हायच्या आत सिस्टरांनी त्यांना टोचलं आणि मी एकेक सुई डोळ्यांनी बघून मगच खूण केली.

आज बारावा दिवस. रोज सकाळी भाऊजी ओट्यावर भाकरी खातात आणि मी समोर उभी राहून त्यांच्या जबड्याकडं बघते. घास गिळला की ते मुद्दाम तोंड मोठं उघडून दाखवतात. अजून नऊ दिवस.