स्वयंपाकघरातलं शिसं

लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी मी चहा करायला स्वयंपाकघरात गेले, तर गॅसवर जाड बुडाचं पातेलं होतं आणि त्यात चांदीसारखं काहीतरी चकाकत होतं. वर राखाडी साय धरली होती. सासरे बनियन-लुंगीवर शेगडीपुढे उभे राहून वरणाच्या पळीनं ती साय काढत होते आणि मोरीच्या कडेवर आपटत होते. धुराला गोडसर, जळकट वास येत होता.

"थांब जरा," ते म्हणाले. "शिसं होय हे. झालं का मंग चहा ठेव."

काम झाल्यावर त्यांनी पातेलं उतरवलं. पळी नळाखाली धरली, ती चर्र झाली, आणि तशीच खिळ्याला टांगली. त्याच शेगडीवर मी चहा ठेवला. माझ्या वाट्याचा चहा मी मागच्या अंगणात जाऊन मातीत ओतला.

माझं माहेर तिरोड्याचं. सासर कुडव्याला, गोंदिया शहराला लागून. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. नवरा शहरात एका दुकानात हिशेबाला होता, मी शाळेत शिकवत होते. घरात सासू-सासरे. सासऱ्यांना आम्ही बाबूजी म्हणायचो आणि सासूबाईंना माय.

बाबूजींनी तांदळाच्या मिलमधला आपला हिस्सा विकला होता आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांना पिस्तुलाचा नाद लागला होता. शिकारीचा नव्हे, स्पर्धेचा. कागदावरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरायचा, गुण मिळवायचे. नागपूरला स्पर्धा होत, वयस्करांचा वेगळा गट असे. परवाने, कागदपत्रं सगळं नीट होतं, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण बाहेरून येणाऱ्या गोळ्या मोजक्याच मिळत आणि त्यांना रोजचा सराव हवा असे. म्हणून झाडलेल्या गोळ्यांची रिकामी पितळी टोपणं परत आणायची, त्यांत नवा दारूचा मसाला भरायचा, वर घरी ओतलेली शिशाची गोळी बसवायची, असा उद्योग त्यांनी घरात मांडला होता. भरण्याचं काम ते मागच्या खोलीत दार लावून एकटेच करत. तिथं आम्हाला बंदी होती. त्याआधीचं सगळं घाणेरडं काम मात्र स्वयंपाकघरात चाले, कारण गॅस तिथं होता, पाणी तिथं होतं आणि माय तिथं होती.

शिसं भंगारवाल्याकडून येई. गाडीच्या चाकांना लावलेले तुकडे आणि फोडलेल्या बॅटऱ्यांच्या प्लेटा. पोतं ओसरीत पडलेलं असे. त्यातून आंबट पाणी पाझरून फरशीवर पांढरा डाग पडला होता, तो कशानंच निघत नव्हता. पितळी टोपणं धुण्याचं काम मायचं. देवाची भांडी घासावीत तशी ती चिंच लावून ती घासायची, तांदूळ धुवायच्या चाळणीत निथळत ठेवायची आणि गच्चीवर सुपात वाळवायची. शेजारच्या सुपात कुरोड्या. धुतलेलं पाणी काळं शाईसारखं निघे. तिच्या नखांत ते काळं कायमचं बसलं होतं आणि त्याच हातांनी ती कणीक मळायची. मी ताटातल्या पोळीकडे बघत बसायचे. पोळी स्वच्छ असायची, पण घास पाण्याबरोबर उतरवावा लागे.

एकदा शनिवारची शाळा करून दुपारी घरी आले, तर फाटकापासूनच वास यायला लागला. बाबूजींनी खाटकाकडून चरबी आणली होती. गोळीला वंगण लागतं म्हणे, चरबी आणि मेण एकत्र करून. मेण सालेकशाच्या बाजूनं कोणी आणून दिलं होतं, त्यात मेलेल्या मधमाश्यांचे पंख तसेच होते. मायच्या गळ्यात तुळशीची माळ. तिनं उभ्या जन्मात घरात अंडं येऊ दिलं नव्हतं. आणि तिच्या लोखंडी कढईत, ज्यात ती सणाला सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळायची, त्या कढईत ती चरबी कढत होती. माय तोंडाला पदर लावून दारात बसली होती. चरबीचे पिवळे थेंब ओट्यावरून खाली ओघळून थिजले होते.

मी मोरीकडे धावले आणि ओकले. तोंड धुऊन परत आले तेव्हा अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. म्हटलं, "बाबूजी, हे बाहेर करा ना. अंगणात चूल मांडून देते मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मायला म्हणाले, "सून काल आली अन् आज हुकूम सोडून राहिली. तू शिकवलं काय हिले?"

माय म्हणाली, "मी कायले शिकवू बाप्पा."

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते कोणाचं ऐकत नाहीत. सोड." त्या घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द हा 'सोड'. त्याचीही मला किळस यायला लागली.

रविवारी बाबूजींचे दोस्त येत. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, कुंड्यांच्या कडेला थुंकलेलं. दिवाणखान्यात बाबूजींनी भोकं पडलेले कागद चौकटीत लावले होते. त्याकडे बोट दाखवत दोस्त म्हणायचे, "भाईसाब, क्या हाथ है आपका!" शिशानं काळी झालेली बोटं सगळ्यांच्या चिवड्याच्या ताटलीत एकदमच जायची. माय चहाचे कप घेऊन उभी असायची. ही टोपणं कोण घासतं, हे त्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही.

लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मायचं पोट दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. ती गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर आडवी व्हायची, दात आवळायची, घामानं चोळी भिजायची. मग आठवडाभर काहीच नाही. पोट साफ होत नव्हतं. चेहरा पिवळा पडत चालला. मला म्हणायची, "तोंडाले कशी लोखंडासारखी चव येऊन राहिली वो." डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. शेजारणीनं लिंबू उतरवून टाकायला सांगितलं, तेही केलं. बाबूजी म्हणायचे, "नाटकं आहेत. स्पर्धा जवळ आली का हिचं दुखणं निघते."

मग एक दिवस जेवणं चालू असताना तिच्या हातून वरणाची पळी सुटली. गरम वरण बाबूजींच्या पायावर सांडलं. ते ओरडले, "डोळे फुटले काय तुहे?" माय आपल्या हाताकडे बघत होती. मनगट खाली लोंबत होतं, पिळून टाकलेल्या फडक्यासारखं. ती ते वर उचलायचा प्रयत्न करत होती आणि ते उचललं जात नव्हतं. बाबूजी पाय पुसत होते. पाय पुसून झाल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "भात वाढ."

त्यांनी तो भात खाल्ला. सगळा. मी समोर बसून बघितलं.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही मायला नागपूरला नेलं. बाबूजीही आले, कारण त्यांना तिकडेच नेमबाजीच्या रेंजवर कोणाला भेटायचं होतं. तिथले डॉक्टर शांत होते. त्यांनी मायचं मनगट बघितलं, ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. मी रोज तिच्यासमोर जेवायचे, मला ती कधी दिसली नव्हती.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी कोणी बॅटरीचं काम करतं का? किंवा रंगाचं?"

बाबूजी ताठ बसले. "नाही साहेब. आमचा तसला धंदा नाही."

"शिसं वितळवतात," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात. जेवणाच्या भांड्यात."

नवऱ्यानं माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला आणि सगळं सांगितलं, पोत्यापासून चाळणीपर्यंत. डॉक्टर लिहायचे थांबले. मग त्यांनी आम्हा चौघांचंही रक्त काढायला लावलं.

रिपोर्ट आले. मायच्या अंगात शिसं इतकं, की डॉक्टर म्हणाले, ही बाई चालत आली कशी. बाबूजींच्या अंगात होतं, नवऱ्याच्या होतं, माझ्याही होतं. मला त्यांनी बाजूला बोलावून सांगितलं, तुम्ही मूल होऊ द्यायचा विचार करत असाल तर आता नको. आधी हे अंगातून कमी होऊ द्या, नाहीतर पोटातल्या बाळापर्यंत पोचेल. त्या दिवशी संध्याकाळी मी खाल्लेली एकेक पोळी मला आठवायला लागली.

मायला तिथं ठेवून औषधं सुरू केली. काही दिवसांनी तिला घेऊन आम्ही परत निघालो तेव्हा गाडीत बाबूजी खिडकीशी बसले होते. तुमसर मागे पडलं. मग ते म्हणाले, "तिनंच हात नीट धुतले नसतील."

मी आजवर पुष्कळ घाण बघितली आहे. शाळेचे संडास बघितले, पुरानंतरची मेलेली जनावरं बघितली. त्या वाक्याइतकी शिसारी मला कशाची आली नाही.

माय डोळे मिटून बसली होती. ती झोपली असेल असं वाटत होतं. गोंदिया आलं, आम्ही उतरलो, तेव्हा ती लेकाला म्हणाली, "मले इथूनच कामठ्याले नेऊन दे. भाऊकडं."

बाबूजी म्हणाले, "काऊन? घर नाही काय तुले?"

ती रिक्षात जाऊन बसली. नवरा एकदा बापाकडे बघायचा, एकदा आईकडे. शेवटी तो रिक्षात चढला. माय गेली ती अंगावरच्या लुगड्यानिशी गेली.

घरी आल्यावर मी वरच्या खोलीत स्टोव्ह नेला. नवीन पातेली घेतली आणि आम्हा दोघांचा स्वयंपाक तिथं करायला लागले. बाबूजींचं ताट मी वरून खाली पाठवायचे. त्यांचं काम थांबलं नव्हतं. स्पर्धा जवळ आली होती. खालून तो गोडसर धूर जिन्यावरून वर यायचा आणि मी दाराच्या फटीत ओली फडकी कोंबायचे.

त्या स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळालं. दुसऱ्याच दिवशी ते कामठ्याला गेले, आणि मला मायकडे औषधं पोचवायची होती म्हणून मीही त्यांच्यासोबत होते. तिच्या भावाच्या, आमच्या मामांच्या, अंगणात माय खाटेवर बसली होती. बाबूजींनी रुमालातून पदक काढून तिच्यापुढे धरलं. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता, आणि खरं सांगते, तेव्हाही मला दया आली नाही.

माय म्हणाली, "ते तिकडं ठेवा. पहिले हात धुऊन या."

मामांकडची सगळी माणसं बघत होती. बाबूजी बोरिंगपाशी गेले. मामांच्या सुनेनं पाणी हापसलं, त्यांनी साबण लावून हात धुतले. परत आले तर माय म्हणाली, "अजून धुवा." ते पुन्हा गेले. मग ती म्हणाली, "तो चुलखंड, ओटा अन् ती फरशी खोदून फेका. भांडी फेका. मंग मी येतो का नाही ते पाहीन." ती कधी चिडली की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बोलतात तसं पुरुषासारखं 'येतो' म्हणायची.

बाबूजींनी काहीच केलं नाही. केलं ते नवऱ्यानं, आणि तेही आईसाठी नाही. मला इतक्यात मूल होऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते त्याच्या डोक्यात आता कुठे शिरलं होतं. एका सकाळी तो मजूर घेऊन आला. ओटा फुटला, फरशी निघाली, खालची वीतभर माती उकरून काढली. बाबूजी अंगणात खुर्ची टाकून पाठ करून बसले. मला नवऱ्याचं कौतुक करावंसं वाटलं नाही. आईचं मनगट लोंबलं तेव्हा त्यानं बापाला भात वाढला होता, ते मी बघितलं होतं.

भांडी माझ्याकडे आली. भंगारवाला लगेच हात पुढे करून उभा. म्हणाला, "बर्तन तो अच्छे हैं दीदी, बिक जाएँगे." म्हणजे कोणाच्या तरी घरी पुन्हा त्यांत भात शिजणार. मी खिळा आणि हातोडा घेऊन अंगणात बसले. प्रत्येक पातेल्याच्या बुडाला भोकं पाडली, चाळणी चेपली, पळीची दांडी वाकवून तोडली. कढई फुटेना. ती मजुराकडून घणानं फोडून घेतली. आतल्या बाजूला चरबीचा पिवळा थर अजून चिकटलेला होता.

गोळ्या भरायचं यंत्र बाबूजींच्या एका दोस्तानं नेलं. मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला सगळं सांगून आले. ती हसली. म्हणाली, "आमचे हे तर गच्चीवर करतात." मी म्हटलं, "त्यांचे कपडे कोण धुतं?" तिचं हसू थांबलं.

माय त्या वर्षीच्या धानकापणीनंतर परत आली. नवा ओटा तिनं हात फिरवून पाहिला. उजवं मनगट पुष्कळ सुधारलं, पण पूर्ण नाही. जड भांडं तिनं पुन्हा त्या हातानं उचललं नाही, डाव्यानं उचलायला शिकली. आणखी दोन वर्षांनी डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मला मुलगी झाली, धडधाकट. बाबूजी मिळतील तेवढ्या विकतच्या गोळ्यांवर काही दिवस खेळले, मग हात कापायला लागल्यावर त्यांनी सोडून दिलं. ते आणखी बरीच वर्षं जगले. मी त्यांना वेळेवर जेवायला वाढलं, दवाखान्यात नेलं, शेवटी ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं केलं. पण त्यांच्या हातून काही घ्यायची वेळ आली, प्रसाद असो की पाण्याचा पेला, तर मी म्हणायचे, "ठेवा तिथं." मुलीनं एकदा विचारलं, आजोबांच्या हातातून का घेत नाहीस. मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "तिले नाही आवडत. काही काही नसते आवडत माणसाले." आणि डाव्या हातानं तिनं पोरीच्या ताटात भाजी वाढली.