भात्यात चिकटलेला आवाज

आमच्या गावच्या शाळामास्तरीण शोर्ख्टबाईंनी लग्न केलं नाही, असं लोक म्हणत. मी म्हणे, केलंय की! नवरा अडीचशे वर्षांपूर्वी वारला, एवढंच. तोबियास वेंडेलर त्याचं नाव, आमच्याच चर्चचा गायनमास्तर. त्यानं रचलेलं गावचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गात आले, आणि शाळा सुटली की बाई त्याचं चरित्र नि त्याच्या रचना जुळवत बसत. तो कुठल्या विहिरीचं पाणी प्यायचा, शेजाऱ्याच्या शेळ्यांवरून का भांडायचा, सगळं तोंडपाठ. माझी बायको ओटिलिए बटाट्याचे गोळे वळता वळता विचारायची, "बाई, तुमचा माणूस जेवला का?" बाई हसून म्हणत, "त्याला रस्सा जास्त लागतो गं!"

ग्रंथ होत आला. पण वेंडेलरच्या सगळ्यात गोड रचनेतला एका आवाजाच्या स्वरांचा कागद काही सापडेना: बायकांचा, खालच्या पट्टीतला आवाज. त्यावाचून बाईंचा जीव अडकला होता.

अशात चर्चच्या ऑर्गनचा खोलीएवढा भाता सुस्कारे टाकायला लागला. भाता तुडवणारा मी, माझ्या पायांना आधी कळलं. ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या त्रोम्लर मिस्त्रींनी फळी काढून आत दिवा धरला आणि ओरडले, "अहो, इथं कुणी गाणी चिकटवलीत!" आता ही आमच्या पणज्यांची रीतच. भात्याला चीर पडली की जुने स्वरांचे कागद घ्यायचे, सरस फासायचा, झालं काम. कागद कसा जाड नि दणकट!

बाई भात्यात शिरल्या, एखाद्या झोपलेल्या जनावराच्या छातीत शिरावं तशा. आतून त्यांचं गुणगुणणं यायला लागलं, पाण्याखालून यावं तसं. मला वाटलं, चर्चच झोपेत गातंय. बाहेर आल्या तेव्हा केसांत कोळिष्टकं, डोळ्यांत पाणी.

"तोच आवाज आहे. पण अर्धाच वाचता येतोय. उरलेला उलटा चिकटलाय."

"भिजवून सोडवतो की," त्रोम्लर म्हणाले, "पण चामडं जुनं, फाटणार. आणि नवं कधी मिळेल ते बर्लिनच्या सरकारलाही ठाऊक नाही. तोवर ऑर्गन मुका."

पाद्रीबाबा म्हणाले, "सोडवा, बाई. तुमचा जन्म गेलाय यात. आम्ही नुसतेच गाऊ."

"नुसतेच!" ओटिलिए माझ्याकडे बघत पुटपुटली. "हे नुसतेच गायले की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात."

बाईंनी काढलेली फळी उचलून मिस्त्रींच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "मिस्त्री, चीर तेवढी बुजवा. मी त्याचं आयुष्य लिहितेय. त्याचा श्वास काढून घ्यायला नाही आले."

ग्रंथ छापून आला तो त्या आवाजाच्या अर्ध्या ओळी कोऱ्या ठेवूनच. शहरातले विद्वान म्हणाले, अंदाजानं भरा. बाईंनी नाही भरल्या.

शरदात किरमेसचा, म्हणजे चर्चच्या वाढदिवसाचा, सण आला. आलुबुखाराच्या केकांचा वास कोटांना चिकटवूनच सगळे चर्चमध्ये आले आणि ती रचना सुरू झाली. बायका सापडलं तेवढं गायल्या आणि मधेच थांबल्या. बाकीचे आवाज पुढं चालले. माझ्या पायांखाली भाता उठत होता, बसत होता, आणि कुणीच न वाचलेल्या त्या स्वरांवरून निघालेला वारा नळ्यांतून चर्चभर पसरत होता. बाई पहिल्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ हलत होते. काय गात होत्या, ते मात्र कुणाला ऐकू आलं नाही.