दोन पायाळू आणि एक वीज

गेल्या मे महिन्यात एका दुपारी आमच्या घरावर वीज पडली. मी आणि माझी नात मधल्या खोलीत बसून रसासाठी आंबे पिळत होतो. आभाळ भरून आलं होतं, धुळीचा वारा सुटला होता, आणि मी तिला सांगत होते की कोय नीट चोख, नुसती चाटून ठेवू नकोस. तेवढ्यात डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं आणि असा आवाज झाला की तिच्या हातातली कोय उडून माझ्या पदरात येऊन पडली. पुढं बराच वेळ कानात नुसती शिट्टी. ती तोंड उघडून काहीतरी ओरडत होती ते मला ऐकू येईना, मी काय विचारतेय ते तिला ऐकू येईना. शेवटी दोघींनी एकमेकींचे हातपाय चाचपून पाहिले. आंब्याच्या रसाशिवाय अंगावर काही सांडलं नव्हतं.

घराचं मात्र व्हायचं ते झालं. गच्चीच्या कठड्याचा कोपरा उडून शेजारच्या अम्माच्या पत्र्याच्या शेडवर पडला. वरच्या खोलीच्या भिंतीला छतापासून फरशीपर्यंत तडा गेला. वायरी भिंतीतल्या भिंतीत जळाल्या. फ्रीज, टीव्ही, पंखे सगळ्यांनी एकदमच मान टाकली. मुलगा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, तो गाडी दामटत आला आणि आम्हाला धडधाकट बघून दारातच खाली बसला. सूनबाई शाळेच्या कसल्याशा प्रशिक्षणाला गेली होती, ती रडत आली. आमचे हे वाचनालयातून सावकाश आले आणि पहिला प्रश्न विचारला, "पंखा का बंद आहे?"

सोलापूरचा मे आणि पंखा नाही! टॉवेलच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून आम्ही वारा घेत बसलो. गल्ली बघायला लोटली. त्यात अम्मा पुढं. ती माझ्याहून थोरली, घर विणकरांचं, आत तेलुगू आणि दाराबाहेर मराठी. तिची नातवंडं तिला अम्मा म्हणतात म्हणून सगळी गल्लीच म्हणते. तिनं आधी तडा पाहिला, मग मला पाहिलं, मग माझ्या नातीला, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अय्यो वैनी! एका घरात दोन-दोन पायाळू! ईज दुसरीकडं कुटं जाईल?"

जे बाळ डोक्याआधी पाय घेऊन बाहेर येतं ते पायाळू. त्याच्याबद्दल आमच्याकडं दोन गोष्टी पक्क्या ठरलेल्या. एक, वीज अशा माणसाच्या मागावर असते. दुसरी, कंबरेत किंवा पाठीत उसण भरली की पायाळू माणसानं तिथं पाय लावावा, उसण पळते. मी पायाळू आहे. नातीच्या वेळीही बाळ आत उभंच होतं, म्हणून डॉक्टरांनी सिझेरियन केलं. तेव्हा आमच्या गल्लीत मोठा वाद झाला होता की पोट चिरून काढलेलं बाळ पायाळू धरायचं की नाही. निकाल अम्मानंच दिला होता, "कसंबी काढा, आत उबीच हुती की!"

आता माझ्याबद्दल. मोडनिंबजवळच्या खेड्यातून मी लग्न होऊन इथं आले, तेव्हाची ती पोरगी आठवली की मला हसूही येतं आणि तिचे कान उपटावेसेही वाटतात. रूप बेताचं, स्वयंपाक त्याहून बेताचा, पण पायाळू असल्याचा तोरा असा की जणू कलेक्टरीण. आभाळ गडगडलं की बाईसाहेब घोंगडी घेऊन कॉटखाली. धुणं भिजू दे, दूध उतू जाऊ दे, बाईसाहेबांच्या मागावर वीज आहे! आभाळाला एवढ्या मोठ्या सोलापुरात दुसरं कुणी सापडत नाही, असं तिला मनापासून वाटायचं. आणि सासूबाईंच्या कंबरेत उसण भरली, त्या दिवशी तर काय विचारता! सासूबाई चटईवर पालथ्या, आणि ही सून पदर खोचून, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या कंबरेला तीनदा पाय लावतेय. वर सासूबाईंनी उठून हिला चहा करून दिला. असला चहा कुठल्या सुनेला मिळतो? त्या दिवसापासून गल्लीतल्या सगळ्या कंबरा माझ्याकडं येऊ लागल्या, त्या आजतागायत. अम्माची तर महिन्यातून एकदा ठरलेली.

कॉटखाली जाणं पुढं मुलं झाल्यावर आपोआप सुटलं. तिघांना घेऊन त्या कॉटखाली मावणार कोण? पायाचा मान मात्र मी सोडला नव्हता.

म्हणून अम्मा बोलली तेव्हा मी नेहमीसारखी हसले. बाजूला नात उभी आहे, तिच्या हातातला पुठ्ठा हलायचा थांबलाय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलानं कामाला हात घातला. गवंड्यानं तडा खरवडून रुंद केला. वायरमननं सगळ्या भिंती फोडल्या. गच्चीवर वीज ओढून घेणारी सळई बसवायची ठरली, तिथून तांब्याची पट्टी खाली जमिनीत जाणार. त्यासाठी मागच्या बाजूला खड्डा खणला आणि त्यात कोळसा आणि मीठ टाकायला लागले, तेव्हा मी विचारलंच, "लोणचं घालताय काय रे बाबांनो? मोहरी देऊ का?" सगळे हसले. नात हसली नाही.

नववीत जाणारी पोरगी, एरवी घरात पाय ठरत नाही. ती खोलीत तिचे कपडे बॅगेत भरत होती.

"कुठं निघाली स्वारी?"

"मामाकडं. तिकडंच शाळेत जाईन."

"का गं? आमचा कंटाळा आला?"

"आज्जी, बाबांना सांग, मी गेल्यावर भिंत करा म्हणावं. मी इथं असले तर परत पडेल."

मी बॅगेजवळ बसले. "अगं, मग मीही पायाळूच की," असं मी म्हणाले, तर तिनं शांतपणे उत्तर दिलं, "तू इतकी वर्षं आहेस, कधी पडली नाही. मी आले म्हणूनच दोन झालो."

सगळ्यांनी तिला समजावलं. मुलानं सळई दाखवली. सूनबाई शाळेत विज्ञान शिकवते. तिनं कागदावर ढग काढले, घर काढलं, वरची टाकी, टाकीची लोखंडी शिडी, गल्लीत आपलंच घर कसं उंच, सगळं समजावून सांगितलं. पोरीनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आज्जीच्या पायानं अम्माची कंबर कशी बरी होते?"

सूनबाईनं माझ्याकडं पाहिलं. हे पेपरात डोकं घालून बसले.

"होते ना बरी? मी स्वतः बघितलंय. मग पायाळूचं ते खरं आणि विजेचं तेवढं खोटं, असं कसं?"

स्वयंपाकघरात सूनबाईनं मला गाठलं. ती कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी पोळपाट जरा जोरात ठेवला. "आई, तुम्ही तरी सांगा तिला. ती जायची म्हणतेय हो."

"सांगून नाही ऐकायची. माझ्यावर गेलीय."

"मग?"

मी तिच्या पायांकडं पाहिलं. सूनबाई आमची सरळ जन्मलेली, डोक्याकडून, अगदी शिस्तीत. मी विचारलं, "तुझ्या टाचांना भेगा नाहीत ना गं?"

अम्माच्या कंबरेत तशी उसण भरलेलीच होती. शेडवरची वीट उचलताना लचकली होती. मी नातीला बोलावून कानात बेत सांगितला आणि बजावलं, हसलीस तर सगळं मुसळ केरात. तिनं मान हलवली, पण डोळे अजून बॅगेकडंच.

अम्मा आली, कुरकुरत चटईवर पालथी झाली, तोंड उशीत. मी तिच्या डोक्याशी उभी राहून नेहमीसारखी बोलत राहिले. "हितं दुखतं का गं अम्मा? थोडं खाली?" आणि मागून सूनबाई, एका हातानं भिंत धरून, दुसऱ्या हातानं साडी वर धरून, डोळे मिटून, पाय लावतेय. एकदा. दोनदा.

"वैनी, आज पाय लई मऊ लागतोय."

"तेल चोळलंय," मी म्हटलं.

तिसऱ्यांदा पाय लागला आणि अम्मानं असा लांब श्वास सोडला की चटईची कड उडाली. "आहाहा! काय गुण हाय ओ तुमच्या पायात! सुटली बगा उसण, जागच्या जागी!"

नातीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, तरी ते फुटलंच. अशी हसली, अशी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. सूनबाई अजून एका पायावरच. अम्मानं मान वळवून पाहिलं. माझे दोन्ही पाय तिच्या डोक्याशी, आणि कंबरेशी आमची मास्तरीण!

"हे काय चाललंय?"

मग सांगावंच लागलं. पोरीच्या भरलेल्या बॅगेसकट सगळं सांगितलं. अम्मा उठून बसली, कंबर हलवून पाहिली, परत हलवली. ती खरंच सुटली होती, आणि त्यामुळंच तिची पंचाईत झाली. रागवावं तर कशावर?

"मग इतकी वर्षं मी हिच्या लाथा कशाला खाल्ल्या?" तिनं छताला विचारलं.

"अम्मा," नात म्हणाली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं, पण आवाज एकदम बारीक. "मग वीज माझ्यामुळं नाही ना पडली?"

अम्मानं तिला हातानं ओढून जवळ बसवलं. "न्हाय गं माझ्या राजा. माझ्या शेडवर एवढा मोट्टा दगुड पडला की. भ्याले, अन् तोंडाला आलं ते बोलले. म्हातारीचं काय धरती तू?" आणि जाता जाता दारातून माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुढच्या महिन्यात सुनंला पाठवा. तुमच्या टाचा लई टोचत्यात."

त्या बावळट नव्या नवरीला हे ऐकवलं असतं तर तिनं चार दिवस सगळ्यांशी अबोला धरला असता. मलाही थोडं झोंबलं, खोटं कशाला सांगू? इतक्या वर्षांचा मान, एका मऊ टाचेनं गेला. पण आत नात बॅगेतले कपडे काढून कपाटात ठेवत होती. घड्या न घालता, नुसते कोंबत होती. एरवी मी ओरडले असते.

भिंत झाली. नव्या वायरी आल्या, पंखे फिरले, आणि ह्यांनी सगळ्यात आधी त्याखालची खुर्ची धरली. वरच्या खोलीला नातीनं स्वतः रंग निवडला, पोपटी. मला तो मुळीच आवडला नाही, पण झोपायचं तिला आहे.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यात एका सकाळी आभाळ काळंभोर झालं. मी डबा भरला. ती वेणी घालून घेताना खिडकीबाहेर बघत होती. तिचं डोकं माझ्या हातात ताठ झालेलं कळत होतं. दूर कुठंतरी गडगडलं.

"आज्जी, शाळेवर सळई असेल का गं?"

"मॅडमना विचार. नसली तर बसवायला लाव."

"विचारतेच." तिनं रेनकोट घातला, सायकल काढली. कोपऱ्यावर तिची मैत्रीण थांबली होती. तिच्याजवळ पोचायच्या आधीच ही भांडायला लागली, माझी वही परत का आणली नाहीस म्हणून. दोघी भांडत भांडत वळणाआड गेल्या. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र फाटक धरून उभी होते आणि आभाळाकडं डोळे वटारून बघत होते.