बाजारमॅडम

अंधेरीच्या एका फुटपाथवर कणीसवाल्यासमोर उभं राहून, "भाऊ, कणसं नकोत, ही जरा शेकून दे," असं म्हणत पिशवीतून वांगी काढणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई कडक इस्त्रीची साडी नेसून आमच्या ट्रेनिंगच्या वर्गात फळ्यासमोर उभी होती.

त्या आमच्या विमा कंपनीच्या जळगाव शाखेतल्या. दर महिन्याला आठवडाभर नव्या लोकांना शिकवायला यायच्या आणि कंपनीच्या गेस्ट हाऊसवर उतरायच्या. मीही कोल्हापूरहून काही महिन्यांसाठी तिथंच येऊन पडले होते. तिथले केअरटेकर परबदादा त्यांना 'बाजारमॅडम' म्हणायचे, कारण ऑफिसातून त्या थेट खोलीवर कधीच यायच्या नाहीत. आधी बाजार, मग खोली. जेवणाचं बिल कंपनी देत होती, गल्लीच्या तोंडाशी हॉटेलांची रांगच रांग होती. पण एकटीनं हॉटेलात जेवायचं नाही म्हणजे नाही.

"का हो मॅडम?" मी एकदा विचारलं.

"अगं, पहिल्याच टूरला एकटी गेले होते. वेटरनं समोरचं ताट उचललं, ग्लास उचलला. मग म्हणाला, 'कोई आनेवाला नहीं ना?' आणि खुर्चीसुद्धा घेऊन गेला! पनीर उतरलं घशाखाली, खुर्ची काही उतरेना."

हे सांगून त्या खो-खो हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. कारण मी स्वतः रोज संध्याकाळी दार लावून चहा-बिस्किटांवर राहत होते, आणि मला परत पाठवा असं साहेबांना कसं सांगायचं, याची आरशासमोर तालीम करत होते. मॅडमनी माझ्या टेबलावरचे पुडे पाहिले आणि म्हणाल्या, "बिस्किटं खाऊन कोणी मुंबईत टिकलंय का? चप्पल घाल."

त्यांचं बाजारात जाणं म्हणजे भाजी आणणं नव्हतं, गप्पांची मैफल होती. कुठलीही जुडी हातात घेतली की पहिला प्रश्न, "तुमच्या घरी कशी करता?" भाजीवाली सांगायला लागायची, तोवर शेजारची म्हणायची, "तसं नाय गं, लसूण आधी." मग तिसरं गिऱ्हाईक मध्ये पडायचं. पाचेक मिनिटांत मेथीवरून तिथं हमरीतुमरी चालू झालेली असायची आणि मॅडम मधोमध आनंदानं उभ्या. जांभळी वांगी बघून मात्र रोज त्यांचा चेहरा पडायचा. "ही काय वांगी म्हणायची? आमची हिरवी वांगी बघ एकदा!" असं म्हणत त्या तीच वांगी घ्यायच्या.

भाजीच्या पुढं मासळीची रांग. मॅडम पक्क्या शाकाहारी, तरी तिथं थांबल्याशिवाय पाय पुढं पडायचा नाही. मढहून येणाऱ्या एका कोळीणमावशींनी शेवटी त्यांना धरलंच.

"काय गो बाय, रोज बगतेस, घेतेस कवा?"

"मी खात नाही हो मावशी."

"मंग बगतेस कशाला?"

"तुम्ही भांडता छान!"

मावशी आधी डोळे वटारून बघत राहिल्या, मग सगळी टोपली हलेल इतक्या हसल्या. त्यानंतर मॅडमसाठी त्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा आणायला लागल्या. शेंगांना पापलेटाचा वास यायचा. मॅडम त्या तीन-तीन पाण्यांनी धुवायच्या, खोलीतल्या विजेच्या किटलीत उकडायच्या आणि चवीनं खायच्या.

खरी लढाई गेस्ट हाऊसवर होती. "गॅस फक्त चायेक. हय जेवाण करूचा नाय," हा परबदादांचा कायदा. म्हणून तर वांगी कणीसवाल्याकडे जायची. फोडणीसाठी मॅडमनी युक्तिवाद केला, "दादा, चहाच्या पातेल्यात केली तर तो चहाच नाही का?" दादा बधले नाहीत. मग एके दिवशी मॅडम कुळथाचं पीठ घेऊन आल्या आणि निरागसपणे म्हणाल्या, "हौसेनं घेतलं खरं, पण याचं काय करतात हो? आमच्याकडे नाही करत." दादांनी पुडा हातात घेतला, नाकाशी नेला, आणि कायदा मोडून स्वतःच गॅस पेटवला. गावी बायको-मुलं, इथं वर्षानुवर्षं वडापाव. त्या दिवशी कुळथाची पिठी, म्हणजे पातळ पिठलं, ढवळताना ते बायकोच्या हातच्या चवीबद्दल इतकं बोलले, की पिठी खाली लागली. मॅडमना खरंच पिठी येत नव्हती की काय, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या महिन्यात मॅडम यायच्या नव्हत्या. मी घाबरतच एकटी बाजारात गेले. मावशींनी लांबूनच हाक मारली, "तुजी बाय कुठं हाय?" कणीसवाल्यानं विचारलं, "आज बैंगन नहीं?" मी शेंगा घेऊन परतले. आरशासमोरची तालीम त्या दिवसापासून बंद झाली, आणि मुदत संपल्यावर मीच इथं कायमची बदली मागून घेतली.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. आमच्या मुंबईच्या ऑफिसनं त्यांच्यासाठी मोठ्या हॉटेलात दुपारचं जेवण ठेवलं. त्या येतात की नाही अशी मला धास्ती होती, पण त्यांनी सूपपासून आइस्क्रीमपर्यंत सगळ्यावर ताव मारला. "एवढी माणसं आहेत की! मग माझं काय भांडण हॉटेलाशी?" तिथून सगळ्यांचे निरोप घ्यायला बाजारात गेल्या आणि सवयीनं पिशवीभर वांगी घेऊन बसल्या. संध्याकाळची गाडी आहे, हे घेतल्यावर आठवलं. पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तू आणि परबदादा करा मिळून. रडायचं नाही, वांगी शिळी होतात."

भरीत ना मला येत होतं, ना परबदादांना. कणीसवाल्याकडून वांगी भाजून घेऊन मी गेस्ट हाऊसवर गेले आणि मॅडमना फोन लावला. मॅडम गाडीतून सांगू लागल्या. "मिरच्या ठेच... पात बारीक चिर..." मागून कोणी पुरुष ओरडला, "दाणे सांगा, दाणे!" कोणी बाई म्हणाली, "दाणे कशाला? खोबरं घाला." मग डब्यात जे भांडण पेटलं, त्यात आमचं भरीत बाजूलाच राहिलं. "थांब गं, यांना आधी समजावते," म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

आम्ही सुचेल ते केलं आणि पाव घेऊन बसलो. पहिला घास घेऊन दादा म्हणाले, "मीठ घालूक इसारलंव."

मीठ समोरच्या फळीवर होतं. पण दुसऱ्याला ताटावर एकटं सोडून दोघांपैकी कोणीही उठलं नाही. तसंच अळणी भरीत आम्ही शेवटच्या घासापर्यंत संपवलं.